सेंट्रल लाईनचा हिशेब आम्हाला दाखवा

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात अतिदक्षता विभाग चालवणारे सर्व डॉक्टर, रुग्णालयांचे संचालक आणि व्यवस्थापक यांस,



मी आयसीयूत नोकरी करून निवृत्त झालेली परिचारिका आहे. उमेदीची सगळी वर्षं मी आपल्यासारख्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली. तुमच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चंदगड-आजऱ्याकडून, गगनबावड्याच्या घाटातून, खाली कणकवली-कुडाळहून आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीहून माणसं रात्री-अपरात्री गाडी करून कोल्हापूरच गाठतात, ती तुमच्यावरच्या भरवशानं. तो भरवसा आहे म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि ते चारचौघांत लिहिते आहे, कारण केबिनमध्ये बोललेलं केबिनमध्येच राहतं हा माझा अनुभव आहे.

माझी तक्रार एका ठरावीक दुखण्याबद्दल आहे. माणूस एका आजारानं आयसीयूत येतो. न्यूमोनिया असो, सर्पदंश असो, अपघात असो, दोन-चार दिवसांत तो सावरायला लागतो. व्हेंटिलेटर काढायची भाषा सुरू होते. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांच्या तोंडावर जरा रंग येतो. आणि मग सहाव्या-सातव्या दिवशी अचानक हुडहुडी भरून ताप येतो, बीपी कोसळतं, अँटिबायोटिक बदलतं, पुन्हा बदलतं. घरच्यांना सांगितलं जातं की इन्फेक्शन रक्तात गेलंय, आता शरीर किती साथ देतंय ते बघू. ते इन्फेक्शन रक्तात कुठून गेलं, हे कोणी सांगत नाही. घरचे विचारतही नाहीत, कारण त्यांना वाटतं, आजारच वाढला असणार.

पुष्कळदा ते सेंट्रल लाईनमधून गेलेलं असतं. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. वाचकांसाठी सांगते: सेंट्रल लाईन म्हणजे मानेतल्या, हसळीखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी. रक्तदाब टिकवणारी जहाल औषधं हातावरच्या बारीक शिरेतून दीर्घकाळ देता येत नाहीत, म्हणून ती लागते. तिच्यामुळे जीव वाचतात, त्यामुळे लाईन घालू नका असं मी म्हणणार नाही. पण ही नळी कातडीची तटबंदी फोडून थेट रक्तात उतरते, आणि तिच्या तोंडाशी दिवसभरात कित्येक हात लागतात. घालताना किंवा हाताळताना जंतू आत गेले, तर ते थेट रक्तातच जातात.

आपल्या देशात हे किती घडतं, याचा आता मोजून काढलेला आकडा आहे. दिल्लीच्या एम्सनं आयसीएमआरच्या साथीनं रुग्णालयांचं एक जाळं उभं केलं. मे २०१७ ते एप्रिल २०२४ या सात वर्षांत ५४ रुग्णालयांतल्या २०० अतिदक्षता विभागांत त्यांनी लाईनमुळे झालेल्या रक्तसंसर्गाच्या ८,६२९ घटना नोंदवल्या. दर निघाला हजार लाईन-दिवसांमागे ८.८३. एका रुग्णाला एक दिवस लाईन असली की एक लाईन-दिवस. आता हा दर आपल्याकडच्या दहा खाटांच्या आयसीयूला लावून बघा. रोज सरासरी सहा जणांना लाईन असेल, तर वर्षाचे २,१९० लाईन-दिवस होतात, म्हणजे वर्षाला एकोणीस संसर्ग. हे मी तुमच्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. तुमचा आकडा याहून कमी असेल, जास्तही असेल. तो किती आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल, एवढंच मला विचारायचं आहे.

काही ठिकाणी मला उत्तर मिळालं होतं, "आमच्याकडे शून्य." मी चौकशी केली तेव्हा कळलं की तिथं ब्लड कल्चर क्वचितच जातं. ताप आला की आधी मेरोपेनेम, मग कोलिस्टिन, आणि कल्चर पाठवलंच तर अँटिबायोटिकचे दोन डोस होऊन गेल्यावर. अशा कल्चरमध्ये बहुतेक वेळा काही उगवत नाही आणि रजिस्टरला शून्य लागतं. डॉक्टर, ते शून्य खोटं आहे. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे दोन नमुने घ्यायचे, हे आम्हाला नर्सिंगच्या शिक्षणात सांगितलं होतं. तुम्हाला तर त्याच्या कितीतरी आधी. ज्यांचे आकडे वर दिले, त्या रुग्णालयांना मी मनापासून मान देते. त्यांचा दर मोठा दिसतो, कारण त्यांनी तो शोधला.

आता कोणी म्हणेल, परदेशात जमतं, इथं गर्दी, घाम, पावसाळा, पैशाची ओढाताण. म्हणून मिशिगनची गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती सुरू झाली तेव्हा त्यांचा आकडा आपल्यासारखाच होता. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ च्या सुमाराला लाईन घालण्याच्या फक्त पाच गोष्टी कागदावर मांडल्या. हात साबणानं नीट धुवा. कातडी क्लोरहेक्सिडीननं पुसा. टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्हज घाला आणि रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर घाला. शक्यतो जांघेत लाईन घालू नका. आणि गरज संपली की काढा. यातलं काही नवं नव्हतं. प्रोनोव्होस्टनी आधी महिनाभर परिचारिकांना फक्त बघायला सांगितलं. तिथल्या नावाजलेल्या डॉक्टरांकडूनही एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत यातली किमान एक पायरी सुटत होती. पुढं मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी हीच पद्धत घेतली. सुरुवातीला तिथला सरासरी दर हजार लाईन-दिवसांमागे ७.७ होता. सोळा ते अठरा महिन्यांनी तो १.४ वर आला. डिसेंबर २००६ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, आणि पुढच्या वर्षी डॉ. अतुल गवांदे यांनी ते सामान्य वाचकांपर्यंत नेलं. गवांदे यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचं. चेकलिस्ट ही परक्यांची चूष आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि गरीब देशांतही हे झालेलं आहे. अर्जेंटिनाचे डॉ. व्हिक्टर रोझेन्थाल यांनी उभ्या केलेल्या संघटनेनं १५ विकसनशील देशांतल्या ८६ आयसीयूंत हेच उपाय राबवले. रक्तसंसर्ग निम्म्याहून जास्त कमी झाले. त्या संघटनेत भारतातलीही रुग्णालयं आहेत, आणि त्यांच्याकडेही दर खाली आला. तेव्हा घामाचं आणि पावसाळ्याचं कारण मला पुढं करू नका.

मिशिगनच्या गोष्टीत एक गोष्ट होती, जी आपल्याकडच्या सादरीकरणांत गळून जाते. तिथं व्यवस्थापनानं परिचारिकांना अधिकार दिला होता: पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचं, आणि त्यात व्यवस्थापन तुमच्या पाठीशी. चेकलिस्टचा कागद आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आला. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी जवळ आली की तो फाईलला लागतो. अधिकार मात्र कुठंच आला नाही.

मी पाहिलेली एक रात्र सांगते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पहाटेच्या सुमारास एका शेतकऱ्याला मानेत लाईन घालायची होती. डॉक्टर तरुण, हुशार, दिवसभर ओपीडी करून आलेले. मास्क नाकाखाली, गाऊन नाही, आणि अंगावर पूर्ण चादरीऐवजी मध्ये भोक असलेला हातभर टॉवेल. गाईड वायर आत सरकवताना तिचं मागचं टोक खाटेच्या रेलिंगला घासलं. ड्युटीवरची नवी मुलगी होती, तिनं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "सर, वायर लागली रेलिंगला." डॉक्टर म्हणाले, "पेशंट सांभाळायचा का वायर?" आणि तीच वायर आत गेली. सकाळी त्या मुलीला इन्चार्जनी बोलावून घेतलं आणि समज दिली, की पेशंटसमोर डॉक्टरांची चूक काढायची नसते. त्यानंतर त्या मुलीनं तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. त्या रात्री घाई होती, हे मान्य. पण घाईत, पूर्ण निर्जंतुकीकरण न पाळता घातलेली लाईन दोन दिवसांच्या आत बदलायची असते, आणि त्यासाठी केसपेपरवर तसं लिहावं लागतं. तसं काहीही लिहिलं गेलं नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या प्रमुखानं स्वतःच्या सहीनं एक पत्रक काढावं: लाईन घालताना परिचारिकेनं "थांबा" म्हटलं की थांबायचं, मग हात कोणाचाही असो. थांबवल्याबद्दल तिला कोणी बोललं, तर त्या बोलणाऱ्याला प्रमुखानं बोलावून घ्यावं. हे पत्रक आयसीयूच्या भिंतीवर लावा. जुन्या मानसन्मानाला थोडा धक्का बसेल, पण त्याच्या बदल्यात माणसं वाचणार आहेत.

दुसरी गोष्ट सलाईनची. याबद्दल डॉक्टर मंडळी फारशी बोलत नाहीत, कारण ती तुमच्या नजरेच्या उंचीवर नसते. आपल्याकडे कडक प्लास्टिकची बाटली वापरली जाते. ती आपोआप आकसत नाही, म्हणून थेंब चालू राहावेत यासाठी तिच्या बुडाला हवेसाठी सुई खुपसतात. त्या सुईतून वॉर्डातली हवा, धूळ, जंतू सगळं बाटलीत, आणि बाटलीतून लाईनमध्ये. मऊ पिशवीतलं सलाईन स्वतः आकसतं, तिला सुई लागत नाही. अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको आणि इटली या चार देशांत फक्त हा बदल करून पाहिला, बाटलीऐवजी बंद पिशवी. रक्तसंसर्गाचा दर हजार लाईन-दिवसांमागे १०.१ वरून ३.३ वर आला. आयसीयूतले एकूण मृत्यूही घटले. एवढ्या मोठ्या फरकासाठी कोणाला नवं कौशल्य शिकावं लागलं नाही, फक्त खरेदीची ऑर्डर बदलावी लागली. आपल्या रुग्णालयाचं औषधांचं बिल तुम्ही एकदा काढून पाहा. एका रक्तसंसर्गानंतर लागणारं अँटिबायोटिक आणि वाढलेले आयसीयूचे दिवस बघा, आणि मग पिशवी महाग आहे का ते ठरवा. ते बिल तुम्ही भरत नाही, हे मला ठाऊक आहे. ते कोणीतरी उसाच्या बिलावर, सोसायटीच्या कर्जावर, बायकोच्या गंठणावर भरत असतो.

याच जातीची दुसरी सवय म्हणजे ट्रॉलीवरची शंभर मिलीची एनएसची, म्हणजे साध्या सलाईनची, बाटली. सकाळी फोडायची, रबरात सुई खोचून ठेवायची, आणि दिवसभर तिन्ही पाळ्यांनी त्यातूनच फ्लश भरायचा, औषध पातळ करायचं, तेही वेगवेगळ्या रुग्णांसाठी. ती सुई मी कित्येकदा काढून फेकली आणि पुढच्या पाळीला ती परत तिथंच दिसली. हे थांबवायला छोट्या एकेरी वापराच्या ॲम्प्युल हव्यात आणि त्या पुरेशा हव्यात. स्टोअरमध्ये कुलूप आणि किल्ली मेट्रनकडे, आणि मेट्रन रात्री घरी, असं असेल तर सिस्टर काय करणार?

सिस्टरबद्दल बोलायचंच झालं तर मोकळेपणानं बोलते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हा मान्य दंडक आहे. आपल्याकडे रात्रपाळीला चार-पाच गंभीर रुग्णांमागे एक मुलगी असते आणि ती बऱ्याचदा नुकती पास झालेली असते. लाईनच्या तोंडाला औषध जोडण्याआधी अल्कोहोलच्या स्वॅबनं दहा-पंधरा सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं, हा नियम आहे. पंधरा सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण एका रुग्णाला रात्रीत वीस वेळा लाईन उघडावी लागते, रुग्ण पाच, त्यात एकाचा पंप वाजतोय, दुसऱ्याला सक्शन हवंय, तिसऱ्याचा नातेवाईक दारात उभा आहे. ती पंधरा सेकंद कुठून आणणार? ती दोन सेकंद पुसते आणि पुढं जाते. करोनात हे साऱ्या जगानं पाहिलं. ज्या अमेरिकेनं हे संसर्ग वर्षानुवर्षं कमी करत आणले होते, तिथं २०२० च्या शेवटच्या तिमाहीत ते आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. कारण माणसं कमी पडली आणि शिस्त मोडली. ही शिस्त एकदा लावली की कायमची राहत नाही, रोज टिकवावी लागते, आणि ती टिकवायला हात लागतात. नवं मशीन घेतलं की तुम्ही वर्तमानपत्रात फोटो देता. त्यातल्या एका मशीनच्या हप्त्यात किती परिचारिकांचा पगार निघेल, हा हिशेब संचालक मंडळाच्या बैठकीत एकदा मांडा. आणि ज्या आहेत त्यांना टिकवा. शिकवून तयार केलेली मुलगी दर सहा महिन्यांनी पुण्याला, नाहीतर आखातात निघून जाते, आणि आयसीयू पुन्हा नवशिक्या हातांवर येतं.

ड्रेसिंगचंही सांगायलाच हवं. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं, गॉझचं दोन दिवस, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कडा सुटली, घामानं ओलं झालं, रक्त साचलं, तर दिवस न मोजता लगेच बदलायचं असतं. मानेतल्या लाईनच्या जागी दाढीचे खुंट असतात, त्यामुळे ड्रेसिंग धरतच नाही. ज्याला फार घाम येतो त्याला गॉझच बरं. सकाळच्या राऊंडला तुम्ही मॉनिटर बघता, एबीजी बघता. चादर बाजूला करून लाईनची जागा बघणारे डॉक्टर मला बोटांवर मोजण्याइतके भेटले, आणि त्यांच्या रुग्णांत ताप कमी येत असे.

राऊंडचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात स्वस्त उपाय तिथंच आहे. रोज, प्रत्येक खाटेपाशी, मोठ्यानं विचारा: ही लाईन आज कशासाठी आहे? रक्तदाबाचं नॉरअ‍ॅड्रिनालीन बंद होऊन दोन दिवस झाले, तोंडानं खातोय, हाताला शीर मिळतेय, तरी मानेतली लाईन तशीच, कारण रक्त काढायला सोपं पडतं. अशी सोय करून घेताना जो धोका असतो, तो रुग्णाच्या वाट्याला जातो. जी लाईन काढली तिला संसर्ग होत नाही. उत्तर देता आलं नाही, तर त्याच मिनिटाला काढायला सांगा आणि शनिवार-रविवारी हा प्रश्न विसरू नका, कारण सुट्टीत कोणी निर्णय घेत नाही आणि लाईन सोमवारपर्यंत राहते.

कोल्हापूर मेडिकल असोसिएशनला माझी वेगळी विनंती आहे. आपण एकमेकांच्या रुग्णालयांशी स्पर्धा करता, ते ठीक. पण या एका आकड्यावर एकत्र या. दर महिन्याला प्रत्येक आयसीयूनं लाईन-दिवस किती, कल्चर किती पाठवली, संसर्ग किती, एवढे तीन आकडे एका ठिकाणी द्यावेत. रुग्णालयाची नावं सुरुवातीला झाकून ठेवायची असतील तर झाका. मिशिगनमधल्या रुग्णालयांनीही एकत्र येऊनच हे साधलं. सीपीआर या सरकारी रुग्णालयालाही यात घ्या. त्याच्यावर जिल्ह्यातल्या सर्वांत गरीब माणसाचा भार आहे, आणि तिथल्या परिचारिकांना या गोष्टी कोणी शिकवायला नकोत, त्यांना माणसं आणि सामान हवं. शुश्रूषागृहांची नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य विभागानंही नूतनीकरणाच्या वेळी अग्निशमनाचा दाखला आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा करार मागताना हे तीन आकडे मागायला काय हरकत आहे?

आणि शेवटची मागणी घरच्यांच्या वतीनं. लाईनमुळे संसर्ग झाला असेल, तर तसं सांगा. दोष कबूल केला की दगड येतील ही तुमची भीती मी समजते. रुग्णालयांवर झालेले हल्ले मी पाहिलेले आहेत आणि ते निंद्य आहेत. पण लपवलेल्या गोष्टीवरूनच लोकांचा विश्वास उडतो आणि मग छोट्या कारणावरही माणसं बिथरतात. लाईन घालण्याआधी संमतीपत्रावर अंगठा घेताना दोन वाक्यं साध्या मराठीत बोला: ही नळी का घालतोय, हिच्यातून संसर्ग होऊ शकतो, तो होऊ नये म्हणून आम्ही काय करणार आहोत. राधानगरीच्या डोंगरातला माणूसही हे समजून घेतो. त्याला फक्त सांगायला हवं.

आयसीयूबाहेर बसलेल्या वाचकांनाही एक सांगते. तुमच्या माणसाच्या मानेत नळी असेल तर रोज डॉक्टरांना शांतपणे विचारा, "ती अजून लागते का?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे, आणि तो कोणाचा अपमान नाही.

डॉक्टर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आपल्या आयसीयूच्या दाराबाहेर एक फळा लावा. त्यावर तीनच आकडे लिहा: या महिन्याचे लाईन-दिवस, पाठवलेली कल्चर आणि झालेले संसर्ग. आकडा वाईट असला तरी लिहा.



आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोल्हापूर